बिनकामाचे दिवस कोणाच्या खात्यावर?

हिंजवडी किंवा खराडीतल्या एखाद्या मोठ्या आयटी कंपनीत सकाळचा स्टँड-अप बघावा. काम एक, क्लायंट एक, डेडलाइन एक. पण टीममधल्या एकाचा पगार त्या कंपनीकडून येतो. त्याच्या शेजारी बसणाऱ्याचा पगार मनुष्यबळ पुरवणाऱ्या दुसऱ्याच एका संस्थेकडून येतो. तो 'थर्ड पार्टी पेरोल'वर आहे. आणि स्क्रीनवरून बोलणारी एसएपीची सल्लागार पगार घेतच नाही, ती महिनाअखेरीला इन्व्हॉइस पाठवते. गळ्यातल्या पट्ट्याचा रंग सोडला तर बाहेरच्या माणसाला यात काही वेगळं दिसणार नाही. फरक कळतो तो प्रोजेक्ट संपल्यावर. पहिला बेंचवर जातो, म्हणजे पुढचं काम मिळेपर्यंत पगारावर बसून राहतो, दुसरा घरी जातो आणि तिसरी तोवर पुढच्या क्लायंटशी बोलत असते, निदान असायला हवी.

नोकरी करावी की कॉन्ट्रॅक्टवर काम करावं, हा वाद आपण 'सुरक्षितता की स्वातंत्र्य' असा मांडतो. घरातली वडील माणसं पहिल्या बाजूला, तिशीतली मुलं दुसऱ्या. मला हे दोन्ही शब्द फुगवलेले वाटतात. नोकरीत सुरक्षितता किती उरली आहे आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये स्वातंत्र्य खरोखर किती मिळतं, हे तपासायला गेलं की दोन्हीकडे वादाच्या तळाशी एकच हिशेब सापडतो: काम नसतं त्या दिवसांचे पैसे कोण भरतं?

हा धंदा मुळात कॉन्ट्रॅक्टवरच उभा राहिला, हे आज विसरायला होतं. पटणी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडलेल्या सात जणांनी १९८१ साली पुण्यात इन्फोसिस काढली, तेव्हा त्यांच्याकडे विकायला उत्पादन नव्हतं. न्यूयॉर्कच्या डेटा बेसिक्स या कंपनीसाठी अमेरिकेत जाऊन प्रोग्रॅम लिहून देणं, हाच सुरुवातीचा व्यवसाय. तेव्हाचं त्याचं नाव 'बॉडी शॉपिंग', आणि त्या नावात कोणाला फारसं वावगं वाटत नव्हतं. वायटूकेच्या लाटेत तर कोबॉल येणाऱ्या माणसांना जहाज भरून पाठवल्यासारखं पाठवलं गेलं. शियांग ब्याव या चिनी मानववंशशास्त्रज्ञाने हैदराबाद आणि सिडनीत राहून या व्यवस्थेचा अभ्यास केला. त्याचं 'ग्लोबल बॉडी शॉपिंग' हे पुस्तक २००७ साली आलं. त्यात कळीची जागा आहे ती बेंचची. एजंट माणूस परदेशात आणून ठेवतो, काम मिळेपर्यंत त्याला तुटपुंजे पैसे देतो किंवा देतच नाही, आणि बाजार पडला की तोटा खाली सरकत सरकत गावाकडच्या कुटुंबापर्यंत पोचतो. आंध्रात हुंड्याचे पैसे या साखळीत कसे गुंतले होते, याचंही वर्णन त्यात आहे. सिलिकॉन व्हॅलीच्या लवचिकतेचा खर्च गुंटूरमधला सासरा उचलत होता, हे एरवी कुठल्याही ताळेबंदात दिसलं नसतं.

अमेरिकेत हा प्रश्न आधी कायद्याच्या अंगाने चिघळला. १९८६च्या करसुधारणा कायद्यात कलम १७०६ घुसवलं गेलं. एजन्सीमार्फत काम करणाऱ्या प्रोग्रॅमर आणि इंजिनिअरांना 'स्वतंत्र व्यावसायिक' म्हणून मिळणारं एक कायदेशीर संरक्षण त्याने काढून घेतलं. परिणाम असा झाला की कंपन्या स्वतंत्र माणसाशी थेट व्यवहार करायला कचरू लागल्या आणि मधल्या एजन्सींचं फावलं. त्यानंतर आला मायक्रोसॉफ्टचा खटला. कंपनीने अनेक जणांना फ्रीलान्सर म्हणून घेतलं होतं, पण ते वर्षानुवर्षं तिथेच, त्याच मॅनेजरखाली, तेच काम करत होते. करखात्याने तपासणी करून सांगितलं की हे तुमचे नोकरच आहेत. कंपनीने कर भरला आणि त्यातल्या बऱ्याच जणांना एजन्सीच्या पेरोलवर ढकललं. मग १९९२ साली त्या लोकांनी दावा लावला: आम्ही नोकर असू, तर नोकरांना मिळणाऱ्या शेअर-खरेदी योजनेत आमचा वाटा कुठे आहे? अपील न्यायालयाचा कौल त्यांच्या बाजूने गेला आणि डिसेंबर २०००मध्ये ९ कोटी ७० लाख डॉलरना तडजोड झाली. 'पर्माटेम्प', म्हणजे कायमचा तात्पुरता, हा शब्द या खटल्याच्या काळात रूढ झाला.

जगभरच्या कंपन्यांनी या खटल्यातून धडा घेतला, पण भलताच. तात्पुरत्या माणसांना कायम करावं असं काही कोणाला वाटलं नाही. ते कायम दिसू नयेत याची काळजी घेतली जाऊ लागली. मायक्रोसॉफ्टनेच नियम केला की एजन्सीचा माणूस वर्षभर काम करून झाला की त्याने १०० दिवस बाहेर राहावं. वेगळ्या रंगाचे बॅज, वेगळे ई-मेल पत्ते, पार्टीला आमंत्रण नाही, ट्रेनिंगला जागा नाही, हे सगळं त्या भीतीतून पक्कं होत गेलं. २०१९च्या मार्चमध्ये गूगलकडे सुमारे १ लाख २ हजार पूर्णवेळ कर्मचारी आणि १ लाख २१ हजार तात्पुरते व कंत्राटी लोक होते, असं न्यूयॉर्क टाइम्सने छापलं होतं. पुण्यातल्या क्लायंट-ऑफिसात 'व्हेंडरच्या लोकांनी टाउनहॉलला येऊ नये' असा मेल येतो, त्यामागे कोणाचा उद्धटपणाच असतो असं नाही. बरेचदा तो कुठल्या तरी वकिलाचा सल्ला असतो.

आता बेंचकडे येऊ. भारतीय आयटी कंपनीची नोकरी ही खरं तर एक विमा पॉलिसी होती. कंपनी क्लायंटला तासाचे डॉलर लावायची, इंजिनिअरला त्यातला थोडा भाग द्यायची आणि उरलेल्यातून नफा, ऑफिस, मॅनेजर आणि बेंच एवढं चालवायची. काम नसताना पगार चालू राहणं, हा त्या कमी पगाराचा मोबदला होता. 'बिलिंगच्या मानाने पगार किती कमी' असं म्हणणारे हा हप्ता मोजायचे नाहीत. तक्रार चुकीची होती असं नव्हे. हप्ता जरा जास्तच होता. पण पॉलिसी खरी होती.

ती आता तशी राहिलेली नाही. २०२५च्या जूनमध्ये टीसीएसने नियम लागू केला: वर्षात किमान २२५ दिवस बिलिंगचे हवेत, बेंच ३५ दिवसांच्या वर नको. पुढच्याच महिन्यात कंपनीने आपल्या सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर लोकांना कमी करणार असल्याचं जाहीर केलं, आणि त्यांत मधल्या-वरच्या फळीतल्यांचा भरणा असेल हेही सांगितलं. पुण्यातली 'नाइट्स' ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना त्यावर सरकारदरबारी गेली. एका कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण वारं सगळीकडे तेच आहे. पण त्या नियमाचा अर्थ नीट वाचावा. बिनकामाचे दिवस मोजून, त्यांच्यावर मर्यादा घालून, पुढचा प्रोजेक्ट शोधण्याची जबाबदारी बऱ्याच अंशी माणसावर टाकली की तो माणूस कॉन्ट्रॅक्टरच्या जवळ सरकतो. फक्त कॉन्ट्रॅक्टरचा दर त्याला मिळत नाही.

दराचा हिशेब करून बघू. एकाचं सीटीसी, म्हणजे कंपनीला त्याच्यावर येणारा वर्षाचा एकूण खर्च, २४ लाख आहे. वर्षाच्या ३६५ दिवसांतून शनिवार-रविवारचे १०४ गेले की उरतात २६१. नोकरदाराला या सगळ्या दिवसांचे पैसे मिळतात: सणांच्या सुट्ट्या, रजा, ताप आला ते दोन दिवस, मुलाच्या शाळेतल्या मीटिंगसाठी मारलेली अर्धी दांडी. दिवसाला पडले सुमारे ९,२०० रुपये. कॉन्ट्रॅक्टरच्या २६१मधून सुट्ट्या, आजारपण, स्वतःची रजा मिळून चाळीस दिवस काढा. दोन कामांच्या मधली फट वर्षाला दोन महिने धरा, म्हणजे आणखी चाळीस. राहिले १८० दिवस. तेवढ्याच २४ लाखांसाठी दिवसाचा दर १३,३०० रुपयांच्या वर हवा, म्हणजे नोकरीच्या जवळजवळ दीडपट. आपल्याकडे कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीसुद्धा सीटीसीतच दाखवतात, त्यामुळे ते पुन्हा धरायला नकोत. लॅपटॉप, सॉफ्टवेअरची लायसन्स, सीएची फी आणि आरोग्यविमा मात्र दीडपटीच्या वर. तेव्हा 'हातात वीस टक्के जास्त येतायत' म्हणून नोकरी सोडणारा माणूस प्रत्यक्षात पगार कमी करून घेत असतो.

याच्या उलट बाजूला कराचं पारडं आहे आणि ते चांगलंच जड आहे. २०१६च्या वित्त कायद्याने आयकरात ४४एडीए नावाची सोय आणली. ठरावीक व्यवसायांतल्या लोकांनी एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली तर हिशेबाच्या वह्या ठेवायला नकोत. माहिती तंत्रज्ञान त्या व्यवसायांत मोडतं. मर्यादा ५० लाखांची, आणि रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तर ७५ लाखांची. २०२५-२६च्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. म्हणजे वर्षाला २४ लाखांची इन्व्हॉइस काढणाऱ्याचा आयकर शून्य होऊ शकतो. तेवढ्याच सीटीसीच्या नोकरदाराला पीएफ-ग्रॅच्युइटी वगळून उरलेल्या साधारण २२ लाखांवर सुमारे २ लाख ४० हजार भरावे लागतात. 'नोकरी सोड, टॅक्सच वाचेल' हा खराडीच्या कॅफेतला आवडता सल्ला इथून येतो. सल्ला खोटा नाही. पण महिना दोन लाखांचं बिलिंग धरलं तर कराची ही सगळी बचत सव्वा महिना काम नसलं की संपते.

तिला एक शेपूटही आहे. रिटर्नमध्ये १२ लाख दाखवले की बँकही बहुतेक वेळा १२ लाखच बघते. गृहकर्जाला नोकरदाराची तीन महिन्यांची पेस्लिप आणि फॉर्म १६ पुरतो. व्यावसायिकाकडे दोन-तीन वर्षांची रिटर्न मागतात आणि त्यातलं निव्वळ उत्पन्न धरून कर्जाचा आकडा काढतात. बाणेरमधला फ्लॅट मनात असेल तर आधी कर्ज, मग राजीनामा, हा क्रम पाळणारी माणसं भित्री नसतात. लग्नाच्या बाजारातही 'स्वतःचं काहीतरी करतो' या उत्तरानंतर मुलीकडच्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना हसणं सोपं आहे. पण बँकेचा अधिकारी आणि मुलीचा मामा एकच गोष्ट विचारत असतात, आणि ती अवाजवी नाही.

बाकी कागदपत्रांचं थोडक्यात. वर्षाची जमा २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. देशातल्या क्लायंटला १८ टक्के लावायचे, तो ते आपल्या करातून वळते करून घेतो. परदेशातल्या क्लायंटचं काम निर्यात ठरतं आणि लेटर ऑफ अंडरटेकिंग भरलं की त्यावर कर शून्य. महाराष्ट्रात व्यवसायकर वर्षाला २,५०० रुपये. बिलातून क्लायंट टीडीएस कापतो, बहुधा १० टक्के. तो रिटर्न भरल्यावर परत मिळतो, पण तोवर पैसे अडकून राहतात. हे काही अवघड नाही. महिन्यातले काही तास आणि एक बरा सीए लागतो.

खरी अडचण असते बिल वसूल करण्याची, आणि त्यासाठी असलेलं हत्यार फार थोडे जण वापरतात. उद्यम पोर्टलवर एकटा सॉफ्टवेअर सल्लागारही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करू शकतो. २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे अशा पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. २०२४पासून त्यात भर पडली ती आयकराच्या कलम ४३बी(एच)ची. मुदतीत पैसे दिले नाहीत तर क्लायंटला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. मार्चमध्ये अकाउंट्सवाले एकाएकी तत्पर होतात त्यामागे हे कलम आहे. इन्व्हॉइसवर उद्यमचा नंबर छापायला शाईखेरीज काही लागत नाही.

कोडची मालकी हा दुसरा दुर्लक्षित मुद्दा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक कंपनी असते. स्वतंत्र माणसाने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, तो स्वतः असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ते पाच वर्षांपुरते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतेच धरले जातात. परदेशी क्लायंटचे वकील हे जाणतात, म्हणून त्यांचे करार लांबलचक असतात. आपल्याकडचे छोटे क्लायंट जाणत नाहीत, म्हणून त्यांचे करार दोन पानांचे असतात आणि पुढे भांडणं होतात. 'आमचं काम सोडल्यावर दोन वर्षं प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही' असं कलम दिसलं तर घाबरू नये. १८७२च्या करार कायद्याचं कलम २७ अशा बंधनांना निरर्थक ठरवतं. क्लायंटची गुपितं फोडली तर मात्र कोणी वाचवणार नाही.

नोकर कोण आणि स्वतंत्र कोण, हे कागदावरच्या नावाने ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५०च्या दशकातच ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या प्रकरणात हे सांगितलं आहे. मिठागरांतल्या आगरियांना कंपनी स्वतंत्र कंत्राटदार म्हणत होती. न्यायालयाने बघितलं की काम कसं करायचं यावर देखरेख कोणाची आहे, आणि त्यांना कामगार ठरवलं. ती कसोटी आजच्या कितीतरी 'कन्सल्टंट'ना लावून बघावी. सकाळी साडेनऊला लॉगिन, रजेला मॅनेजरची परवानगी, कंपनीचा लॅपटॉप, दुसरं काम घ्यायला बंदी, आणि पगाराऐवजी १० टक्के टीडीएस कापून 'प्रोफेशनल फी'. ही नोकरीच आहे. फक्त पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा आणि आजारपण वजा केलेली.

पुण्या-मुंबईत कॉन्ट्रॅक्टवर काम करणारे म्हणून जे दिसतात त्यांच्यातले बरेच जण स्वतंत्र नसतातच. ते थर्ड पार्टी पेरोलवर असतात आणि त्यांच्या वाट्याला दोन्हीकडचं उरलंसुरलं येतं. पगार असल्यामुळे ४४एडीएचा फायदा नाही. स्वतःचा दर ठरवता येत नाही, कारण क्लायंटने व्हेंडरला किती मोजले हेच कळत नाही. मध्ये दोन व्हेंडर असले तर आणखी गंमत. प्रोजेक्ट संपला की नोकरीही संपली. 'कॉन्ट्रॅक्ट टू हायर' म्हणून आत घेतात, सहा महिन्यांनी कायम करू असं तोंडी सांगतात, आणि सहा महिन्यांनी 'हेडकाउंट फ्रीझ' असतं. नव्या माणसाला ब्रँडेड क्लायंटचं नाव रेझ्युमेवर चढवायला हा दरवाजा उपयोगी पडतो, हे मान्य. पण त्यातून आत जावं किंवा वर्ष-दीड वर्षात बाहेर पडावं. उंबऱ्यावर पाच वर्षं उभं राहू नये.

परदेशातल्या मराठी मंडळींचा अनुभव याला पुरवणी म्हणून बघण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये स्वतःची लिमिटेड कंपनी काढून दिवसाच्या दराने काम करायचं, पगार थोडा घ्यायचा आणि उरलेलं लाभांश म्हणून काढायचं, ही पद्धत लंडन-रीडिंग भागातल्या आयटीवाल्यांत चांगली रुजली होती. तिला आवर घालायला २०००च्या एप्रिलपासून आयआर ३५ नावाचे नियम आले. पण तुम्ही छुपे नोकर आहात की नाही हे ठरवायचं काम तुमच्याकडेच ठेवलं होतं, त्यामुळे फार कोणाचं काही बिघडलं नाही. २०१७ला सरकारी क्षेत्रात आणि २०२१ला मोठ्या व मध्यम खासगी कंपन्यांत हा निर्णय क्लायंटकडे गेला आणि चित्र पालटलं. जोखीम नको म्हणून अनेक कंपन्यांनी सरसकट सगळ्यांना नियमाच्या आत ओढलं, काहींनी लिमिटेड कंपन्यांशी व्यवहारच थांबवला. कॉन्ट्रॅक्टर मग 'अंब्रेला कंपनी'च्या पेरोलवर गेले: कर नोकराचा, हक्क बेताचे. कराच्या सवलतीवर करिअर उभं केलं तर ती सवलत एका अर्थसंकल्पात जाऊ शकते, हे ४४एडीएवर विसंबणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेलं बरं.

अमेरिकेत प्रश्न कराआधी व्हिसाचा येतो. एच-वन-बीवर असलेल्या माणसाला याचिका दाखल करणारा मालक लागतो. टेन-नाइन्टी-नाइन या करफॉर्मवर स्वतंत्र काम त्याला करता येत नाही. नोकरी गेली तर साधारणपणे ६० दिवसांच्या आत दुसरा मालक शोधावा लागतो. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे की कॉन्ट्रॅक्टिंगचा विचार करण्याची मुभा बहुतेकांना चाळिशी उलटल्यावर मिळते. तोवर मुलं कॉलेजच्या उंबरठ्यावर आलेली असतात आणि आरोग्यविमा नोकरीला बांधलेला असतो. ज्यांची जोडीदार नोकरीत आहे त्यांचंच कॉन्ट्रॅक्टिंग तिथे बिनघोर चालतं. पुण्यातही वेगळं नाही. यशस्वी फ्रीलान्सरच्या घरात बहुधा एक पगार येत असतो आणि त्याचा उल्लेख यशोगाथेत येत नाही.

विम्यावर जरा थांबायला हवं, कारण चाळिशीनंतर तोच निर्णायक ठरतो. कंपनीच्या गट-विम्यात जुने आजार सहसा पहिल्या दिवसापासून धरले जातात, आणि कित्येक ठिकाणी आईवडीलही. वैयक्तिक पॉलिसीत जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. सत्तरीतल्या मधुमेही आईला नव्याने पॉलिसी काढायला जा, मग नोकरीची खरी किंमत कळते. सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी शून्य झाला, तेवढा दिलासा. बाळंतपणाचंही तसंच. २०१७च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीला २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली. इन्व्हॉइस काढणाऱ्या स्त्रीला ती कोण देणार? तिने ती आपल्या दरात आधीच वसूल केलेली असायला हवी, आणि तशी ती केलेली मी तरी क्वचितच पाहिली आहे.

मग स्वातंत्र्याचं काय? स्टीफन बार्ली आणि गिडियन कुंडा या दोन अभ्यासकांनी सिलिकॉन व्हॅलीतल्या तांत्रिक कॉन्ट्रॅक्टरांमध्ये वावरून 'गुरूज, हायर्ड गन्स अँड वॉर्म बॉडीज' हे पुस्तक २००४ साली लिहिलं. ऑफिसच्या राजकारणातून सुटका, अप्रेझलच्या नाटकातून सुटका, हा लाभ तिथल्या लोकांना खरोखर मिळत होता. पण वेळेच्या स्वातंत्र्याचा उपयोग त्यांतले थोडेच करत होते. प्रत्येक तासाला किंमत चिकटली की सुट्टीचा दिवस महाग वाटू लागतो, आणि पुढचं काम मिळेल की नाही या धास्तीने हातातलं काम सोडवत नाही. मोकळा वेळ मिळायचा तो दोन कामांच्या मध्ये, नेमका काळजीच्या दिवसांत. आपल्याकडचे फ्रीलान्सर रात्री अकराला अमेरिकेचा कॉल उरकताना बघितले की हे लगेच पटतं.

दुसरीकडे नोकरीतल्यांनाही ते स्वातंत्र्य हवंच असतं. २०२२ साली मूनलाइटिंगवरून, म्हणजे नोकरी सांभाळून केलेल्या दुसऱ्या कामावरून, गदारोळ झाला तेव्हा विप्रोच्या रिशद प्रेमजींनी त्याला सरळ फसवणूक म्हटलं आणि कंपनीने ३०० जणांना काढलं; स्विगीने त्याच सुमारास काही अटींवर परवानगी देणारं धोरण आणलं. दोन्ही भूमिकांना आपापला तर्क आहे. पण बेंचचा विमा पातळ करत न्यायचा आणि निष्ठा मात्र जुन्या दराने मागायची, हे फार दिवस चालणारं नाही.

शिकण्याबद्दल माझं मत जरा टोकाचं आहे. कॉन्ट्रॅक्टरला पैसे मिळतात ते त्याला आधीच येत असलेल्या गोष्टीचे. क्लायंट त्याच्या शिक्षणाचा खर्च करत नाही आणि त्याने का करावा? नोकरीत, सगळे दोष धरूनही, कोणीतरी तुमचा कोड वाचतं, चुकलेलं डिप्लॉयमेंट सावरतं, दोन वर्षांनी मोठं काम अंगावर टाकतं. म्हणून पहिली सहा-सात वर्षं कोणी फ्रीलान्सिंगच्या गोष्टी सांगू लागलं तर सरळ दुर्लक्ष करावं. याला अपवाद आहेत, पण ते अपवाद असा लेख वाचून निर्णय घेत नसतात.

त्यानंतर मात्र कामाचा पोत बघावा. काही कामं स्वभावतःच ठरावीक मुदतीची असतात. एसएपीच्या जुन्या ईसीसी प्रणालीचा मुख्य सपोर्ट २०२७अखेर संपतो आहे. त्यामुळे एस/४हानावर स्थलांतर करणाऱ्या कंपन्यांना अठरा महिने, गो-लाइव्ह आणि पुढचे थोडे दिवस तज्ज्ञ हवा असतो, नंतर नको असतो. अशा माणसाला कायम ठेवणं कंपनीला परवडत नाही आणि कायम राहणं त्याला. क्लाउड स्थलांतर, सुरक्षा-तपासणी, जुन्या मेनफ्रेमची उस्तवार ही याच जातीची कामं. याउलट एखादं उत्पादन दहा वर्षं वाढवत नेणं, त्याच्या पोटातली गुंतागुंत लक्षात ठेवणं, हे काम येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून होत नाही. तिथे स्टॉक ऑप्शन्सही नोकरालाच मिळतात. पन्नाशीच्या आसपास नोकरीतून काढलेल्या मॅनेजरला मात्र कॉन्ट्रॅक्टिंग हा मार्ग वाटतो तितका सोपा नाही. वीस वर्षं त्याने माणसं आणि एक्सेल सांभाळलेलं असतं. बाजार मागतो ते हाताने करून दाखवता येणारं काम.

या सगळ्यात एक नवी वाट उघडली आहे आणि तिची चर्चा जवळजवळ होत नाही. २१ नोव्हेंबर २०२५पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत मुदतीच्या नोकरीला, म्हणजे फिक्स्ड टर्मला, कायम नोकराइतकंच वेतन आणि सोयी देणं बंधनकारक आहे. ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकराला पाच वर्षं लागतात, तर फिक्स्ड टर्मवाल्याला एका वर्षाच्या सेवेनंतर ती मिळते. नेमणूकपत्र सगळ्यांना द्यायलाच हवं. कंपनीच्या मूळ कामात कंत्राटी कामगार नेमायलाही बंदी आहे, पण तिला इतके अपवाद आहेत की आयटीत तिचा किती उपयोग होईल याबद्दल मला शंका आहे. फिक्स्ड टर्मचं तसं नाही. क्लायंट जेव्हा 'कायम नाही करता येणार, व्हेंडरच्या पेरोलवर या' असं म्हणतो, तेव्हा 'अठरा महिन्यांचं फिक्स्ड टर्म तुमच्याच पेरोलवर का नको?' असं विचारायला आता कायद्याचा आधार आहे. एचआरकडे याचं उत्तर तयार नसेल. व्हेंडरच्या कमिशनचा विषय मात्र निघेल, आणि क्लायंट तुमच्यासाठी किती मोजायला तयार होता हा आकडा त्या निमित्ताने पहिल्यांदा टेबलावर येईल.